कंठ फुटण्याचे वय

जर्मनीतील लाइपझिग शहराचा ‘टोमानेरकोर’, म्हणजे सेंट टोमास चर्चचा मुलग्यांचा गायकवृंद, आपला जन्म १२१२ सालचा मानतो. त्या सुमारास माइसन या सीमाप्रांताचा अधिपती डीट्रिख याने लाइपझिगमध्ये ऑगस्टिनियन पंथाचा मठ स्थापन केला. मठाबरोबर शाळा आली, आणि शाळेतल्या मुलांनी उपासनेच्या वेळी गायचे हे ओघानेच आले. १५३९ मध्ये शहराने मार्टिन ल्यूथरचा सुधारित धर्म स्वीकारल्यावर मठ बरखास्त झाला, पण शाळा आणि वृंद नगरपालिकेने आपल्याकडे घेतले, आणि आजही ही संस्था चर्चची नसून शहराची आहे. वृंदाच्या प्रमुखाला ‘कांटोर’ म्हणतात; योहान हेर्मान शाइन, योहान कुनाउ अशा नामवंत रचनाकारांनी हे पद भूषवले, आणि १७२३ पासून १७५०च्या मृत्यूपर्यंत ते योहान सेबास्टियान बाख याच्याकडे होते. वृंदातली गरीब घरची मुले पुण्यातल्या माधुकरी मागणाऱ्या विद्यार्थ्यांप्रमाणे शतकानुशतके दारोदार जात आणि गाऊन पैसे गोळा करीत. ही प्रथा १८३७ मध्ये बंद झाली. डिसेंबर १९४३च्या बाँबहल्ल्यानंतर वृंदाला ग्रिमा या जवळच्या गावी हलवावे लागले, युद्धानंतर चार दशके तो साम्यवादी पूर्व जर्मनीच्या राजवटीत गायला, आणि २०१२ मध्ये त्याने आठशे वर्षे पूर्ण केली.

राजवटींचा हा इतिहास कितीही भारदस्त असला, तरी या संस्थेचे खरे वेळापत्रक ठरवणारी गोष्ट कोणत्याही दप्तरात सापडत नाही, कारण ती मुलाच्या गळ्यात असते. वयात येताना मुलग्यांचा स्वरकोश झपाट्याने वाढतो, त्याची पुढची कूर्चा पुढे येऊन कंठमणी दिसू लागतो, आतले स्वरतंतू लांब आणि जाड होतात, आणि आवाज साधारण एका सप्तकाने खाली उतरतो. जर्मन भाषा या घटनेला ‘आवाजाची मोडतोड’ अशा अर्थाचा शब्द वापरते. मराठीत मात्र ‘कंठ फुटणे’ म्हणतात, आणि हाच वाक्प्रचार तान्ह्या पाखराला पहिला स्वर सापडतो तेव्हाही वापरला जातो. एका भाषेने जिथे हानी पाहिली तिथे दुसरीने आगमन पाहिले, आणि टोमानेरकोरसारख्या वृंदाला या दोन्ही गोष्टी एकाच मुलाच्या बाबतीत एकाच वेळी सांभाळाव्या लागतात. सर्वांत उंच स्वरपट्टीला ‘सोप्रानो’, तिच्या खालच्या पट्टीला ‘आल्टो’ म्हणतात, आणि या दोन्ही पट्ट्या येथे कंठ न फुटलेली मुले गातात. ‘टेनर’ आणि ‘बास’ या खालच्या पट्ट्या त्याच वृंदातली मोठी मुले सांभाळतात. बाहेरून गायिका आणून उणीव भरून काढण्याची सोय या परंपरेत नाही.

बाखला स्वतःला कंठ फुटण्याचा अनुभव होता. त्याच्या मुलाने आणि शिष्याने लिहिलेल्या आणि १७५४ मध्ये छापल्या गेलेल्या मृत्युलेखात असे नमूद आहे, की ल्यूनेबुर्ग येथे वृंदात गात असताना त्याच्या नकळत त्याच्या उंच स्वराबरोबर खालच्या सप्तकातला स्वरही ऐकू येऊ लागला, आठ दिवस त्याला बोलताना आणि गाताना दोन्ही सप्तके एकदमच येत राहिली, आणि त्यानंतर त्याचा सोप्रानो आवाज कायमचा गेला. ल्यूनेबुर्गला तो १७०० साली, पंधरा वर्षांचा असताना गेला होता. म्हणजे पंधराव्या वर्षीही त्याला उंच पट्टीचा गायक म्हणून जागा मिळत होती.

पुढे लाइपझिगमध्ये हाच माणूस मुलांच्या गळ्यांचा हिशेब ठेवू लागला. २३ ऑगस्ट १७३० रोजी त्याने नगरपरिषदेला सादर केलेले निवेदन आजही वाचणाऱ्याला अस्वस्थ करते, कारण त्यात शाळेत राहणाऱ्या चोपन्न मुलांची विभागणी आहे: १७ वापरण्याजोगी, २० अजून तयार न झालेली आणि १७ संगीताला निरुपयोगी. चार चर्चमध्ये गाणी पुरवायची होती, प्रत्येक वृंदात किमान बारा आणि शक्य तर सोळा गायक हवेत असे त्याचे म्हणणे होते, आणि संगीताचा गंध नसलेल्या मुलांना प्रवेश दिल्यामुळे हे गणित जमत नाही ही त्याची तक्रार होती. निवेदनाची भाषा कडक आहे, पण वृंद म्हणजे ठरावीक मुदतीचे, सतत बदलणारे गळे असतात हे त्याला जितके स्पष्ट दिसत होते तितके ते परिषदेला दिसत नव्हते, असेच म्हणावे लागते.

बाखच्या काळातील वृंदातली मुले, त्यांची वये आणि त्यांच्याकडे असलेल्या पट्ट्या यांच्या नोंदींवरून १९७० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या निष्कर्षानुसार त्या मुलांचा कंठ सरासरी सोळा-सतरा वर्षांच्या सुमारास फुटत असे, आणि १७४०च्या दशकातील ऑस्ट्रियाच्या गादीवरून झालेल्या युद्धामुळे हाल झालेल्या वर्षांत हे वय आणखी पुढे गेले. हा पुरावा अप्रत्यक्ष आहे, तरी त्याची दिशा निःसंशय आहे: अन्न कमी, वाढ उशिरा, आणि वाढ उशिरा म्हणून सोप्रानो आवाज दीर्घायुषी. आज युरोपातील वृंदांत गाणाऱ्या मुलांचा कंठ चौदाच्या आसपास, पुष्कळदा त्याआधीच फुटतो. पोषण आणि आरोग्य सुधारल्याचे हे लक्षण आहे, त्याबद्दल खंत करण्याचे कारण नाही. मात्र बाखने आपल्या रचना लिहिल्या त्या या नव्या गळ्यासाठी नव्हेत. त्याच्या ‘मोटेट’ या प्रकारातल्या, म्हणजे धार्मिक वचनांवर बांधलेल्या बहुस्वरी रचनांपैकी अनेकींमध्ये दोन वृंद समोरासमोर उभे असल्यासारखे गातात आणि एकेक ओळ दीर्घ श्वास मागते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाकडे मोठी फुफ्फुसे, कित्येक वर्षांची तालीम आणि तरीही लहान मुलाचा स्वरकोश असे दुर्मीळ मिश्रण असे. तेच संगीत आता अकरा-बारा वर्षांची मुले गातात. दर शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता आणि शनिवारी दुपारी तीन वाजता टोमास चर्चमध्ये होणाऱ्या ‘मोटेट’ नावाच्याच गानोपासनेत ती ज्या सहजतेने ते गातात, त्यामागचे श्रम ऐकणाऱ्याला जाणवत नाहीत, इतके ते पूर्ण असतात.

हिशेब सरळ आहे आणि तोच चिंतेचा आहे. मूल नवव्या वर्षाच्या सुमारास वृंदात येते, आणि शिकायला, मोठे कार्यक्रम पेलायला, रांगेत नव्याने आलेल्याला सांभाळून घ्यायला त्याच्याकडे जेमतेम चार-पाच वर्षे असतात. वाचन, श्वास आणि श्रुती पक्की होते न होते तोच पट्टी बदलते. म्हणून तयारीचे वय खाली खाली सरकत आहे. वृंदाभोवती उभ्या राहिलेल्या ‘फोरुम टोमानुम’ या शैक्षणिक परिसरात बालवाडी आणि प्राथमिक शाळाही आहे, आणि मुलांच्या निवासाची इमारत, जिला मुले ‘कास्टन’ म्हणजे ‘पेटी’ म्हणतात, नव्याने दुरुस्त करण्यात आली आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाला वसतिगृहात ठेवायचे की नाही, हा निर्णय आईवडिलांचा असतो, आणि आजच्या कुटुंबाला तो पूर्वीइतका सोपा वाटत नाही. त्यातच रेगेन्सबुर्गच्या मुलग्यांच्या प्रसिद्ध वृंदातील छळाविषयी २०१७ मध्ये अहवाल आला, आणि १९४५ ते १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत किमान ५४७ मुलांना मारहाण वा लैंगिक अत्याचार सोसावे लागल्याचे त्यात दाखवले गेले. तो वृंद निराळा होता. तरीही मुले घरापासून दूर ठेवणाऱ्या प्रत्येक वृंदाला त्या अहवालाने प्रश्न विचारला, आणि तो विचारला जाणे आवश्यकच होते.

दुसरा प्रश्न मुलींचा आहे. २०१९ मध्ये बर्लिनच्या मुलग्यांच्या वृंदात नऊ वर्षांच्या मुलीला घ्यावे म्हणून दावा झाला, तेव्हा न्यायालयाने वृंदाच्या कलास्वातंत्र्याला प्राधान्य देऊन तो फेटाळला. रेगेन्सबुर्गने मात्र पुढे आपल्या शाळेत मुलींना प्रवेश देऊन त्यांचा स्वतंत्र वृंद काढला. मुलींच्या शिक्षणाचा हक्क निर्विवाद आहे. वृंदाच्या ध्वनीविषयीचे मतभेद मात्र इतक्या लवकर मिटणारे नाहीत, कारण मुलग्यांच्या आवाजाची जी किंमत सांगितली जाते तिचा मोठा भाग त्याच्या क्षणभंगुरपणात आहे, आणि मुलीचा आवाज, बदलला तरी, असा तुटत नाही.

कंठ फुटल्यावर मुलगा ‘पेटी’तच राहतो. काही काळ तो गात नाही. मग तो मागच्या ओळीत टेनर किंवा बास म्हणून परततो. पण चौदा वर्षांच्या मुलाचा ताजा खालचा आवाज अजून डळमळीत असतो, त्यात वजन यायला आणखी दोन-तीन वर्षे लागतात, आणि ते वजन येते तोवर शालान्त परीक्षा जवळ आलेली असते.