कुणाच्या दावणीला न बांधलेली नायिका

1913 साली दादासाहेब फाळक्यांना ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना. शेवटी अण्णा साळुंके या तरुणाला साडी नेसवून त्यांनी वेळ भागवली. 19 वर्षांनी प्रभात फिल्म कंपनीने कोल्हापुरात तीच कथा बोलपटात आणली, ‘अयोध्येचा राजा’ म्हणून, आणि तारामती झाल्या दुर्गा खोटे. मुंबईच्या सधन लाड घराण्यातल्या, सेंट झेवियर्समध्ये शिकलेल्या, दोन मुलांच्या आई.

हौस म्हणून त्या इकडे आल्या नव्हत्या. सासरची आर्थिक घडी विसकटली होती, घर चालवायचे होते. 1931 मध्ये ‘फरेबी जाल’मध्ये छोटी भूमिका घेतली. चित्रपट सवंग निघाला आणि लोकांनी दुर्गाबाईंनाच फैलावर घेतले. आज आमच्या पेणजवळच्या हमरापूर-जोहे भागात गणपतीच्या कारखान्यांत बायका रंगकामाला बसतात, घराला हातभार लावतात, त्यात कुणाला वावगे वाटत नाही. त्या काळी मात्र चांगल्या घरच्या बाईने चेहऱ्याला रंग लावायचा म्हणजे घराण्याला बट्टा! एखादी खचली असती. दुर्गाबाईंनी ‘अयोध्येचा राजा’चे दिग्दर्शक व्ही. शांतारामबापूंच्या तारामतीला होकार दिला.

त्या वेळी नट-नट्या कंपनीच्या पगारावर बांधलेल्या असत. दुर्गाबाई प्रभातमध्ये गाजल्या, तरी तिथेच राहिल्या नाहीत. कोलकात्याला जाऊन देवकी बोस यांच्या ‘सीता’त (1934) काम केले, तिथे पृथ्वीराज कपूर राम होते. 1937 मध्ये ‘साथी’ची निर्मिती स्वतः केली. माझ्या मते त्यांचे खरे मोठेपण या स्वतंत्र बाण्यात आहे.

आणि तो बाणा पडद्यावर पाहायचा तर ‘अमरज्योती’ (1936). राज्याच्या न्यायाने पोटचे मूल हिरावले जाते आणि दुर्गाबाईंची सौदामिनी समुद्रावरची चाचेगिरी पत्करते. जहाजावर पुरुषांना हुकूम सोडते, ज्याने अन्याय केला त्या दुर्जयाला पकडून त्याचा पाय तोडते. सोसणाऱ्या तारामतीनंतर अवघ्या चार वर्षांत ही बाई! दुर्गाबाईंची ताठ मान आणि रोखलेली नजर पाहिली की या भूमिकेत दुसरी कुणी डोळ्यांसमोर येत नाही.

तरुण नायिकेच्या भूमिकांना त्या चिकटून बसल्या नाहीत. 1941 मध्ये, ऐन छत्तिशीत, अत्र्यांच्या ‘पायाची दासी’त त्या खाष्ट सासू झाल्या. रंगभूमीवरही मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाटकांतून त्यांनी कठीण बायका निवडल्या. ‘भाऊबंदकी’तली आनंदीबाई आणि शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मधली लेडी मॅकबेथच्या वळणाची राणी त्यांनी नानासाहेब फाटकांसारख्या तालेवार नटासमोर उभी केली.

‘मुगल-ए-आझम’ची (1960) जोधाबाई सर्वांना ठाऊक आहे. समोर अकबर म्हणून पुन्हा पृथ्वीराजच होते, ‘सीता’नंतर 26 वर्षांनी. 1968 मध्ये पद्मश्री मिळाली, ‘बिदाई’साठी (1974) फिल्मफेअर, 1983 चा दादासाहेब फाळके पुरस्कार. दूरदर्शनवरची ‘वागले की दुनिया’ही त्यांच्याच संस्थेची. 22 सप्टेंबर 1991 रोजी त्या गेल्या.

नव्या पिढीने त्यांना केवळ जोधाबाई म्हणून ओळखू नये. ‘अमरज्योती’ शोधून पाहावा, आणि त्यांचे ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र हाती लागले तर वाचल्याशिवाय खाली ठेवू नये.