लोकप्रियतेचे वेड आणि चित्रपटाचे कुतूहल

जबलपूरनजीक भेडाघाट येथे नर्मदेचे पात्र संगमरवराच्या उंच कड्यांमधून वाहते. तेथील नावाडी प्रवाशांना कड्यांची माहिती देता देता मध्येच हात लांबवून कोणत्या शिळेजवळ कोणत्या चित्रपटाचे चित्रण झाले, हेही अभिमानाने सांगतात. १९६० सालच्या 'जिस देश में गंगा बहती है' या चित्रपटातील काही दृश्ये येथे टिपली गेली. गंगेचे नाव मिरविणाऱ्या चित्रपटात नर्मदा दिसते, याचा विषाद एकाही जबलपूरकराने व्यक्त केल्याचे ऐकिवात नाही! पुढे २००१ साली 'अशोका'मध्ये आणि २०१६ साली आशुतोष गोवारीकर यांच्या 'मोहेंजो दारो'मध्ये हेच कडे पुन्हा पडद्यावर आले.

चित्रपटाशी या शहराचे नाते तसे जुने आणि घरोब्याचे आहे. अभिनेते प्रेमनाथ यांचे घर जबलपूरचे. त्यांची भगिनी कृष्णा या राज कपूर यांच्या पत्नी. आणि शहरातील एम्पायर चित्रपटगृह प्रेमनाथ यांच्या मालकीचे होते. रघुवीर यादव यांच्यासारखा गुणी नटही याच भूमीने दिला. १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर एकाच राज्यात असल्यामुळे अनेक मराठी कुटुंबे नोकरीनिमित्त येथे येऊन स्थायिक झाली. मराठी घर म्हटले की नाटक, संगीत व चित्रपट यांचा शौक ओघानेच आला.

त्या घरांतील चौथी पिढी आज कोरियातील बी.टी.एस. या सात तरुणांच्या गायकवृंदावर लुब्ध आहे. भिंतीवर त्यांची चित्रे, ओठांवर न समजणाऱ्या भाषेतील गीते आणि त्या भाषेची अक्षरे गिरवायची हौस, हे पाहून वडीलधारी मंडळी कपाळाला हात लावतात. त्यांना एवढेच विचारावेसे वाटते, की आपल्या पणजोबांच्या पिढीने काय केले होते? बालगंधर्वांचे चाहते आणि केशवराव भोसल्यांचे चाहते असे दोन पक्षच त्या काळी महाराष्ट्रात होते. बालगंधर्वांनी रंगभूमीवर नेसलेल्या लुगड्याची तऱ्हा कुलीन स्त्रियाही उचलीत असत. ८ जुलै १९२१ रोजी हे दोघे गायक-नट टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईस 'संयुक्त मानापमान' नाटकात एकत्र उभे राहिले, तेव्हा रसिकांच्या उत्साहाला पारावार राहिला नाही. अवघ्या तीन महिन्यांनी केशवराव निवर्तले. म्हणून त्या प्रयोगाची आठवण अधिकच हळवी झाली.

तेव्हा वेड नवे नाही. नवी आहे ती त्याची व्याप्ती, आणि कॅमेऱ्याने त्याला दिलेले बळ. १९६४ साली रिचर्ड लेस्टर या दिग्दर्शकाने बीटल्स या चौकडीवर 'अ हार्ड डेज नाइट' हा चित्रपट काढला. त्यात किंचाळत पाठलाग करणाऱ्या मुली आहेत, तशीच त्या कोलाहलात कोंडली गेलेली चार मुलेही आहेत. पुढल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या शिया स्टेडियममध्ये पंचावन्न हजारांवर श्रोते जमले आणि त्यांच्या आरोळ्यांत गाणाऱ्यांना स्वतःचे गाणे ऐकू येईना. १९६६ नंतर त्यांनी दौरेच थांबविले. ज्या गाण्यासाठी माणसे जमली, तेच गाणे माणसांच्या प्रेमात बुडून जावे, यासारखा विचित्र प्रकार दुसरा कोणता?

आपल्याकडेही २००१ च्या सुमारास 'अ बँड ऑफ बॉइज' नावाचा पाच तरुणांचा संच पुढे आला. त्यांना घेऊन २००४ साली 'किस किस को' हा चित्रपट निघाला. आज तो फार थोड्यांच्या स्मरणात असेल. लोकप्रियता प्रेक्षकाला चित्रपटगृहाच्या दारापर्यंत आणते. आत बसवून ठेवण्याचे काम मात्र कथेला, छायालेखनाला आणि संकलनाला करावे लागते.

म्हणूनच चित्रपट बनविणारे आपल्या कामाविषयी बोलू लागले, की मी कान टवकारून ऐकतो. आवडत्या नटाला काय खायला आवडते, यात मला फारसे स्वारस्य नाही. पण भेडाघाटसारख्या जागी गीताचे चित्रण कसे होते? गीत आधीच मुंबईच्या ध्वनिमुद्रण-कक्षात तयार झालेले असते; चित्रणस्थळी ते कर्ण्यातून वाजवितात आणि नट त्याबरहुकूम ओठ हलवितात. धुवांधार धबधब्याच्या गर्जनेजवळ कुणी प्रत्यक्ष गाऊ लागला, तर त्याचा एक शब्दही धड टिपला जाणार नाही. पांढऱ्या दगडावरून परतणारा उजेड भर दुपारी डोळे दिपवितो, म्हणून सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन हेरावे लागते. 'जिस देश में गंगा बहती है'चे दिग्दर्शक राधू कर्मकार हे मुळात 'आवारा'चे छायालेखक होते, हे कळल्यावर त्या दृश्यांतील उजेडाकडे आपण निराळ्या नजरेने पाहू लागतो.

ही नजर देण्याचा उद्योग आपल्याकडे फार पूर्वी सुरू झाला. दादासाहेब फाळके यांनी चित्रपट कसे तयार करतात, हे दाखविणाराच एक लघुपट १९१७ साली काढला. त्यात ते स्वतः काम करताना दिसतात. चमत्कार करून दाखविणाऱ्याने चमत्काराची गुरुकिल्लीही प्रेक्षकाच्या हाती द्यावी, हा केवढा मनाचा मोठेपणा! पुढे पुण्यास प्रभातच्या आवारात १९६० मध्ये चित्रपट प्रशिक्षण संस्था आणि १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. तेथे प्राध्यापक सतीश बहादूर यांनी 'पथेर पांचाली'सारखा चित्रपट दृश्यादृश्याने उलगडून दाखवीत कित्येकांना चित्रपट पाहावयास शिकविले. मूळचे ते अर्थशास्त्राचे अध्यापक.

माझ्या परिचयातील जबलपूरच्या एका मराठी घरी सध्या याच विषयावरून कुरबूर चालू आहे. सतरा वर्षांची कन्या त्या सात कोरियन तरुणांची भक्त. २०१८ साली त्यांच्यावरील 'बर्न द स्टेज' हा अनुबोधपट निघाला. तो तिने इतक्या वेळा पाहिला, की नाचणाऱ्यांवरची तिची दृष्टी ढळून तुकडा नेमका कोठे तोडला आहे, इकडे वळली. गेल्या वर्षी तिने आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या सोहळ्याचे स्वतः संकलन केले. त्यात आजीच्या चेहऱ्यावरून थरथरत्या हातांवर आणि हातांवरून निरांजनावर ती अशी काही गेली, की तिच्या वडिलांनी चष्मा पुसला. तरीही संकलन हा पोटापाण्याचा धंदा होऊ शकतो, हे त्यांना पटत नाही. त्यांच्या मते मुलीने अभियांत्रिकीकडे जावे. त्यांची काळजी अनाठायी म्हणवत नाही. या व्यवसायात काम मिळणे व टिकणे दोन्ही कठीण.

मुलीची आकांक्षा पुण्याच्या त्या संस्थेत जाण्याची आहे. सुदैवाने तेथील चित्रपटविषयक मुख्य अभ्यासक्रमांस पदवी आवश्यक असते, त्यामुळे वादाला निदान तीन-चार वर्षांची सवड मिळाली आहे. तोवर आजी नातीच्या बाजूची आहे, आणि भिंतीवरील सात चित्रे अद्याप काढलेली नाहीत.