दुकानात येणारा हिशेब पेपरात का अडतो?

शिष्यवृत्ती परीक्षेचा निकाल लागला त्या संध्याकाळी एका पाचवीतल्या मुलीचे अब्बा शाळेच्या फाटकापाशी आम्हाला भेटले. त्यांचा बांगड्यांचा धंदा. म्हसवडच्या आठवडी बाजारात आणि मार्गशीर्षात सिद्धनाथाच्या रथयात्रेत त्यांचे दुकान लागते. मुलीला गणितात फार कमी गुण पडले होते. ते रागावलेले नव्हते, हेच आम्हाला जास्त लागले. "जाऊ द्या सर. दुकानात तिचा हात चांगला चालतो. सातवीपर्यंत शिकू दे, पुढचं पुढं," असे म्हणून त्यांनी गाडीला किक मारली.

तिचा हात कसा चालतो ते आम्ही यात्रेत पाहिले होते. साठ रुपये डझनाच्या बांगड्या आम्ही दीड डझन घेतल्या आणि वर दोन सुट्या मागितल्या. तिने क्षणभरही न थांबता शंभर सांगितले आणि पाचशेच्या नोटेतले चारशे परत केले. वर्गातल्या सराव पेपरात मात्र पेन्सिलींचा असाच हिशेब आला तेव्हा तिने भलताच गोल भरला होता.

ही परीक्षा कशी असते, हे पुष्कळ घरांत नीट माहीत नसते. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद ती घेते. २०२५-२६ पर्यंत ती पाचवीला होत असे. दोन पेपर, प्रत्येकी १५० गुणांचे. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात इंग्रजी आणि बुद्धिमत्ता चाचणी. एका पेपरात ७५ प्रश्न आणि वेळ दीड तास, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यातच प्रश्न वाचायचा, समजून घ्यायचा, सोडवायचा आणि पेनने गोल भरायचा. एकदा भरलेला गोल खोडता येत नाही. प्रत्येक पेपरात ४० टक्के गुण मिळाले की मूल पात्र ठरते, पण शिष्यवृत्ती फक्त गुणवत्ता यादीतल्यांना मिळते. "पात्र झाला, मग पैसे का नाही आले?" असे दरवर्षी कोणीतरी विचारतेच.

त्या निकालानंतर आम्ही एक साधी गोष्ट केली. सराव पेपरात चुकलेले प्रश्न मुलांना एकेक करून मोठ्याने वाचून दाखवले आणि तोंडी उत्तर विचारले. बरीच उत्तरे बरोबर आली! 'प्रत्येकी', 'उर्वरित', 'त्याच दराने', 'यांपैकी कोणते विधान चूक आहे', अशा शब्दांवर मुले अडखळत होती. गणिताच्या पायरीपर्यंत ती पोचतच नव्हती. त्या मुलीने प्रश्न ऐकला, उत्तर दिले आणि म्हणाली, "सर, ये तो मेरकु आता था."

यावर काही पालक म्हणतात, मग उर्दूतून परीक्षा द्यावी. तशी सोय आहे, परीक्षा उर्दू माध्यमातूनही होते. उर्दू शाळेत शिकणाऱ्या मुलाने ती जरूर उर्दूतूनच द्यावी. पण आपल्या घरातली बोली ही काही पुस्तकी उर्दू नव्हे. मराठी पेपरातले 'खालीलपैकी' जितके परके, तितकेच उर्दू पेपरातले 'मुंदर्जा-ज़ैल' परके. आम्ही दोन्ही भाषा शिकवतो, म्हणून सांगतो. भाषा बदलून वाचनाची सवय लागत नाही.

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. तो २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी करणारी ही मुले पुस्तकी उदाहरणांपुढे अडली. उलट पुस्तकी उदाहरणे सोडवणारी शाळेतली मुले बाजारी हिशेबात अडखळली. म्हणजे उणीव दोन्हीकडे आहे, आणि त्यातली अर्धी आम्हा शिक्षकांची.

म्हसवडला हे नवे वाटायला नको. रस्त्याच्या कडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला थोडी बचत ठेवायला खाते हवे होते आणि कोणतीच बँक ते उघडेना. म्हणून चेतना गाला सिन्हा यांनी इथल्या बायकांना बरोबर घेऊन बँक काढायचे ठरवले. बायका निरक्षर आहेत म्हणून रिझर्व्ह बँकेने परवाना नाकारला. पाच महिन्यांनी त्या पुन्हा गेल्या, बरोबर गावच्या पंधरा जणी. आम्हाला कोणत्याही रकमेवरचे व्याज विचारा, आणि तुमच्या साहेबांनाही यंत्राशिवाय तेच काढायला सांगा, असे त्यांनी तिथे सांगितले. परवाना मिळाला आणि १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ही गोष्ट सगळे कौतुकाने सांगतात. मधल्या पाच महिन्यांत दिवसभराचे काम उरकून याच बायका लिहा-वाचायला बसत होत्या, हे मात्र सांगायचे राहते. हिशेब येतो म्हणून त्यांनी अक्षर सोडले नाही.

आता आम्ही रोज शेवटची वीस मिनिटे फक्त प्रश्न वाचून घेतो. उत्तर काढायचे नाही. काय दिले आहे आणि काय विचारले आहे, एवढेच मुलाने आपल्या बोलीत सांगायचे. जुन्या प्रश्नपत्रिका परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर मिळतात, घरीही हे करता येते. आणि एक विनंती. निकाल पाहून मुलाला 'ढ' म्हणण्याआधी चुकलेला एखादा प्रश्न त्याला वाचून दाखवा.

त्या मुलीच्या घरी आम्ही एका जुम्याला, नमाजनंतर गेलो. अम्मी कुरआन आणि उर्दू वाचतात, मराठी येत नाही. अब्बांना मराठी सावकाश येते. प्रश्नपत्रिका त्यांच्या हाती दिली. अर्धे वाक्य वाचून ते थांबले, पुन्हा पहिल्यापासून वाचले. मग हसून म्हणाले, "सर, हे तर मलाच कळंना." मुलगी शेजारी सरकली, बोट ठेवून तिने ते वाक्य त्यांना वाचून दाखवले आणि उत्तरही सांगितले. त्यांनी मनातल्या मनात हिशेब करून पाहिला. बरोबर होता.

ती आता सहावीत आहे. पुढच्या शिष्यवृत्ती परीक्षेला तिला बसवायचे, असे त्या दिवशी ठरले. सातवीनंतरचे काही आम्ही विचारले नाही, त्यांनीही काढले नाही.