घाटातला शांत रस्ता आणि सायकलवरचे पाहुणे



गटाच्या बैठकीत हल्ली एक विषय हमखास निघतो. रविवारी सकाळी रंगीत कपडे घातलेले, डोक्यावर टोपल्यासारखं हेल्मेट घातलेले सायकलवाले आपल्या रस्त्यानं घाट चढत जातात. हे कुठून येतात? गाडी परवडत नाही असं तर नाही, मग एवढा दम कशाला काढतात? आणि नेमका आपलाच रस्ता का धरतात? परवा आमच्यातल्या एका काकूंनी सरळच विचारलं, "त्यांच्यापासून आपल्याला दोन पैसे मिळतील का?" आजचं बोलणं त्यावरच आहे. पण त्यात माझ्या लेकीच्या सायकलीची गोष्टही येणार आहे, कारण मला हे सगळं कळलं ते तिच्यामुळंच.

आधी रस्ते बघू. वाईवरून पसरणीचा घाट चढून पाचगणी, महाबळेश्वरला जाणारा रस्ता सगळ्यांना माहीत आहे. सुट्टीच्या दिवशी तिथं गाड्यांची रांग असते. सायकलवाल्याला ती रांग नको असते. मागून हॉर्न, बाजूला कठडा आणि नाकात धूर असला की घाट चढण्यात राम राहत नाही. म्हणून तो आडवाट शोधतो. साताऱ्याहून मेढा, तिथून केळघर आणि केळघरच्या घाटानं महाबळेश्वर, हा एक रस्ता. साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून पेट्री, कास आणि पुढं खाली बामणोली, हा दुसरा. आणि महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरणारा तिसरा. तापोळा आणि बामणोली ही दोन्ही गावं कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाच्या काठावर आहेत. लाँचवाल्याशी बोलून सायकल लाँचमध्ये चढवली की हे रस्ते एकमेकांना जोडता येतात. म्हणजे साताऱ्याहून निघून कास, बामणोली, पाण्यावरून तापोळा, मग महाबळेश्वर आणि केळघर घाटानं परत सातारा, असा मोठा फेरा होतो. दोन दिवस लागतात. मधली रात्र कुठं काढायची, हा प्रश्न पाहुण्याला पडतो, आणि तिथंच आपलं काम सुरू होतं.

हे रस्ते शांत का आहेत, याचं उत्तर मात्र आपल्या घरातच आहे. धरणाच्या पाण्याखाली गावं गेली, माणसं उठली. राहिलेल्या गावांतले पुरुष माथाडीच्या कामाला मुंबईला गेले. गावात म्हातारी माणसं, पोरं आणि आपण. दिवसातून एसटीच्या मोजक्या फेऱ्या, त्यामुळं रस्ता मोकळा. पाहुण्याला जी शांतता गोड वाटते, ती आपल्याला कधी कधी खायला उठते, हे त्याला कुणी सांगत नाही. असो.

आता चढाची गोष्ट. सायकलवाले चढ टक्क्यात मोजतात. शंभर मीटर पुढं गेल्यावर पाच मीटर उंची वाढली तर तो ५ टक्के चढ. पाणलोटाच्या कामावर ज्यांनी समतल चर खणलेत, त्यांना हे सांगायला नको, जमिनीचा उतार आपण असाच काढायचो. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण साडेतेराशे मीटरवर आहे आणि शिवसागराचं पाणी भरलेलं असताना साडेसहाशेच्या आसपास. मधला रस्ता पंचवीस-तीस किलोमीटरचा. भागाकार केला तर चढ तीन टक्क्यांच्याही आत येतो, म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण रस्ता मध्येच उतरतो, पुन्हा चढतो आणि एखाद्या वळणावर असा उभा राहतो की रिकाम्या हातानं चालतानाही गुडघ्यावर हात ठेवावा लागतो. सरासरीवर जाऊ नका. अनुभवी सायकलवाला आधी विचारतो, की सगळ्यात कडक चढ कुठं आहे आणि तो किती लांब आहे.

मग ते हा चढ चढतात कसे? ताकद असतेच, पण निम्मी करामत गिअरची आहे. आपल्या साध्या सायकलीला पुढं साधारण ४४ दात्यांचं चक्र आणि मागं १८ दात्यांचं. पॅडल एकदा फिरवलं की मागचं चाक जवळजवळ अडीच वेळा फिरतं आणि सायकल पाच मीटरच्या वर पुढं जाते. सपाटीला हे झकास, चढाला मात्र मांड्या फुटतात. गिअरच्या सायकलीत पुढं ३४ आणि मागंही ३४ दाते लावता येतात. मग पॅडलच्या एका फेऱ्यात चाकाचाही एकच फेरा, सायकल दोन मीटर पुढं. वेग कमी, पण पायावरचा भार निम्म्याहून कमी. विहिरीच्या रहाटावर मोठी घागर एका दमात ओढायची, की कळशीनं चार खेपा करायच्या, तसंच हे. पाणी तेवढंच येतं, पण कंबर वाचते.

चढाला ते ताशी आठ-दहा किलोमीटरनंच जातात. यावरून हिशेब बांधता येतो. साताऱ्याहून सहाला निघालेला माणूस साडेआठच्या सुमाराला कास पठारावर पोचतो आणि नऊ-साडेनऊला बामणोलीत उतरतो. म्हणजे चहा-पोह्याची चूल सातला पेटली तर गिऱ्हाईक, दहाला पेटली तर राख. ऑक्टोबर संपल्यापासून फेब्रुवारीपर्यंत हा धंदा चालेल. कासला फुलं असतात त्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या दिवसांत गाड्यांची गर्दी असते, तेव्हा सायकलवाला सुट्टीचा दिवस टाळतो. पावसाळ्यात महाबळेश्वराला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, दरडी येतात, डांबरावर शेवाळ धरतं. त्या दिवसांत कुणी विचारलंच तर स्पष्ट सांगावं, बाबा, नको येऊस.

पाहुण्याला काय लागतं? पहिलं पाणी. उन्हात चढताना माणूस तासाला अर्धा ते एक लिटर पाणी सहज पितो. प्लास्टिकच्या बाटल्यांची खोकी रचायची गरज नाही. उकळून गार केलेलं, झाकलेलं पाणी आणि त्याच्या बाटल्या भरून द्यायची तयारी एवढं पुरे. त्या बाटल्या उद्या रानात फेकलेल्या आपल्यालाच वेचाव्या लागतात. घामातून मीठ जातं म्हणून लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, केळी, शेंगदाण्याची चिक्की, पोहे. दुपारी थांबला तर भाकरी, पिठलं, ठेचा. तेलाचा तवंग आलेला रस्सा नको, पुढं चढ असतो. दर पाटीवर लिहून ठेवायचा, माणूस बघून बदलायचा नाही. विक्री करायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती गटाच्या नावानं करून घ्या. आणि टपरी आपल्या अंगणात टाका. वनखात्याच्या जागेत टाकली तर ती उठणारच.

दुसरं, आणि माझ्या मते पहिल्याइतकंच मोठं, म्हणजे स्वच्छ संडास. बाई सायकलवर आली की तिला हीच अडचण सगळ्यात जास्त असते, आणि ती तोंडानं बोलत नाही. दाराला आतून कडी, बादली, मग, साबण. अशा घराचं नाव एकीकडून दुसरीकडं जातं. त्यांच्या कपड्यांना आपण हसतो, मीही हसले होते. नंतर कळलं, त्या तंग चड्डीला आतून गादी शिवलेली असते. सत्तर किलोमीटर त्या सीटवर बसून बघा, मग हसा.

तिसरं हवा. आपला पंप त्यांच्या सायकलीला लागत नाही. आपल्या सायकलीचा व्हॉल्व्ह वेगळा, काही गिअरवाल्या सायकलींचा मोटारसायकलसारखा, तर काहींचा अगदी बारीक, काडीसारखा. यासाठी पितळेचा छोटा जोड मिळतो, फार महाग नसतो. तो आणि पंक्चरचं साहित्य घरात असलं की अडलेला माणूस तुम्हाला विसरत नाही.

चौथं कुत्री. गवा, बिबट्या, अस्वल आपल्या रानात आहेत, म्हणून तर अंधार पडल्यावर सायकल चालवू नका असं पाहुण्याला सांगायचं. रस्त्यात गवा उभा दिसला तर लांब थांबायचं, घंटी वाजवायची नाही, तो जाईपर्यंत वाट बघायची. पण सायकलवाल्यांना रोज त्रास होतो तो वाडीवरच्या कुत्र्यांचा. पायाला धावतात आणि उतारावर माणूस पडतो. सकाळी दोन तास कुत्रं बांधलं तरी पुष्कळ.

आता लेकीचं सांगते. आमच्या वाडीपासून हायस्कूल चार किलोमीटर, सगळा उतार. ती आठवीत गेली तेव्हा गटातून कर्ज काढून सायकल घेतली. श्रावणात एक दिवस वळणावर पुढच्या ब्रेकची तार तुटली. मागचा ब्रेक ओल्या रिमवर धरेना. ती गटारात गेली, मनगट मोडलं. घरात सगळे म्हणाले, पोरीच्या जातीला सायकल नकोच. सायकल गोठ्यात टांगली गेली. पोरगी पुढं दोन वर्षं चालत गेली. कर्जाचे हप्ते मात्र मी भरतच होते.

एका रविवारी एक बाई पाणी मागायला आली. वय माझ्याएवढंच, पन्नाशीला टेकलेलं. टांगलेली सायकल तिला दिसली. खाली काढायला लावली. ब्रेकचे रबर झिजून लोखंडाला लोखंड लागत होतं. ती म्हणाली, "ताई, तार अचानक तुटली असं वाटतं, पण तिचे पदर आधी एकेक करून तुटत असतात." टोकाला पिंजलेली तार दिसली की लगेच बदलायची, असं तिनं लेकीला दाखवलं. उताराला दोन्ही ब्रेक मिळून दाबायचे, वेग वळणाच्या आधी कमी करायचा, वळणात नाही. ब्रेक सारखा दाबून धरायचा नाही, दाबायचा आणि सोडायचा, नाहीतर रिम तापते आणि लांब घाटात ट्यूबसुद्धा फुटते. पावसात आधी दोनदा हलका ब्रेक मारून रिम पुसून घ्यायची. ओला पाला, वाळू आणि शेण यांवर ब्रेक मारायचाच नाही.

तमिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीत खेड्यांतल्या हजारो बायका सायकल शिकल्या. शीला राणी चुंकत तिथं जिल्हाधिकारी होत्या, त्यांनी ते उचलून धरलं. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा बायकांनी पुरुषांच्या दांडीवाल्या सायकली घेतल्या. दांडीवर पोराला बसवता येतं म्हणून पुष्कळींना त्याच बऱ्या वाटल्या. मी हे सासूबाईंना सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी गोठ्यातली सायकल त्यांनीच पुसून ठेवली होती.

लेक आता अकरावीला आहे. रोज निघण्याआधी ती तीन गोष्टी करते. दोन्ही चाकं अंगठ्यानं दाबून हवा बघते, तारांची टोकं बघते, आणि ब्रेक दाबून सायकल पुढं ढकलून बघते. चाक फिरलं तर त्या दिवशी ती चालत जाते.