सर्वांना एकच गोळी, ही समता नव्हे!

हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णाला क्लोपिडोग्रेलची गोळी देतात. यकृतातील एका एन्झाइममुळे ती कामाला लागते. ज्याचे हे एन्झाइम जन्मतःच दुबळे, तो गोळी नियमाने घेतो, पण पुरेसे संरक्षण त्याला मिळत नाही. ब्रिटनमधील बांगलादेशी व पाकिस्तानी वंशाच्या लोकांच्या २०२३ च्या अभ्यासात अंशतः वा पूर्णतः असे ५७ टक्के निघाले. ही आपल्याच उपखंडातली माणसे आहेत!

यावर उपाय आहे. नेदरलँड्समध्ये फार्मासिस्टांच्या संघटनेने २००५ साली तज्ज्ञगट नेमला. त्याच्या शिफारशी औषध दुकानांच्या संगणकात आहेत. रुग्णाच्या जनुकांची नोंद असेल तर गोळी देतानाच इशारा मिळतो आणि फार्मासिस्ट डॉक्टरांशी बोलून औषध बदलून घेतो. सात युरोपीय देशांत १२ जनुके तपासून औषधे दिली, तेव्हा दुष्परिणाम ३० टक्क्यांनी घटले, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. पण त्या सुमारे सात हजार रुग्णांत दक्षिण आशियाई नावापुरतेच!

ज्यांना गरज अधिक, तेच मोजणीबाहेर. हा अन्याय आपल्या ओळखीचा आहे. म्हणून ही चाचणी विनामूल्य हवी, आणि तिची सुरुवात श्रीमंतांच्या रुग्णालयात नव्हे, वस्तीतल्या दवाखान्यात झाली पाहिजे.