माकिनेझ हवेलीचे तीन संसार

पणजीत ‘जुने जीएमसी’ एवढेच म्हटले तरी पुढचा पत्ता सांगावा लागत नाही. मांडवीच्या काठी, दयानंद बांदोडकर मार्गावरच्या या आवारात आता गर्दी होते ती सिनेमाची. पण इथल्या माकिनेझ हवेलीचा हा तिसरा संसार.

पहिला १७०२ सालचा. माकिनेझ या उमराव घराण्याचे हे राहते घर, आत स्वतःचे कपेलही. तेव्हा उत्तर गोव्यातले पेडणे-डिचोली हे तालुके पोर्तुगिजांच्या ताब्यात नव्हते. तिकडे सावंतवाडीकरांचा वावर होता. पण घर बांधायचे तर दोन्हीकडे माल एकच: जांभ्याचा चिरा. पुण्याचा वाडा विटेचा, गोव्याचे घर चिऱ्याचे. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो, हत्याराने सहज तासता येतो. वारा लागला की कठीण होतो. मात्र तो सच्छिद्र, पाणी पिणारा. म्हणून त्यावर चुन्याचा गिलावा आणि वर उतरते कौलारू छप्पर. काचेऐवजी पातळ शिंपले बसवलेल्या खिडक्या ही त्या काळच्या गोव्यातल्या हवेल्यांची खूण. ऊन आत येई, पण गाळून.

१८४२ साली दुसरा संसार सुरू झाला. पणेलीचे सरकारी इस्पितळ इथे आले आणि त्याच वर्षी ‘एस्कोला मेदिका’ हे वैद्यकीय विद्यालय स्थापन झाले. जाड भिंती, उंच छत, ओळीने दालने: घराची ऐट इस्पितळाच्या कामी आली. ज्या दालनांत पाहुण्यांची ऊठबस होती, तिथे खाटा मांडायला जागा मिळाली.

पेडण्याच्या रुग्णाला मात्र इथे पोचायला आधी शापोरा, मग मांडवी ओलांडावी लागे. विद्यार्थ्याला आणखी एक नदी होती, पोर्तुगीज भाषेची. मांद्र्याचे भाऊ दाजी लाड डॉक्टर झाले ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. इथून शिकलेले अनेक गोंयकार डॉक्टर पुढे आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत गेले. गोवामुक्तीनंतर एस्कोलाचे गोवा मेडिकल कॉलेज झाले आणि १९९०च्या दशकात इस्पितळ बांबोळीला हलले.

२००४ मध्ये इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव गोव्यात आला, तेव्हा हवेलीची डागडुजी झाली आणि आत चित्रपटगृहे थाटली गेली. घराला हवा होता गाळलेला उजेड, इस्पितळाला वारा. सिनेमाला हवा काळोख. तिघांच्या मागण्या वेगळ्या, भिंती त्याच.

पेडणे-डिचोलीतही राजांगणाभोवती बांधलेली जुनी घरे आहेत. त्यांचा वैरी एकच, गळणारे छप्पर. पावसाआधी घर शाकारले नाही की पाणी चिऱ्यात मुरते आणि वाशांना वाळवी लागते. इथे वारसा वाचवणे म्हणजे आधी छपराखाली कोणीतरी असणे, मग ते कुटुंब असो, कॉलेज असो की सिनेमा. गळतीचा पहिला थेंब डोक्यावर पडला की माणूस शिडी आणायला उठतोच.