पायाची जखम आणि नवी यंत्रे



कुष्ठरोगाचे जंतू बहुविध औषधोपचाराने सहा महिन्यांत किंवा वर्षभरात आटोक्यात येतात. पण निकामी झालेल्या नसा बहुधा परत काम करीत नाहीत. तळपाय बधिर राहतो. काटा रुतला, खडा टोचला, तरी कळत नाही. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या जंगलात मोह वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जाणारी बाई त्याच पायावर दिवसभर चालते, आणि तळव्याची जखम वर्षानुवर्षे भरत नाही.

अशा जखमांसाठी लेझर, चुंबकीय लहरी, विजेचा सौम्य प्रवाह अशी सुई-शस्त्राविना वापरायची यंत्रे सुचवली जातात. "असे एखादे यंत्र दवाखान्याला देऊ का?" असे दाते आपुलकीने विचारतात.

1946 साली वेल्लोरला आलेले मिशनरी शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड यांना दिसून आले की कुष्ठरुग्णाचे मांस मुळात वाईट नसते. दाब थांबला की जखम इतरांसारखीच भरते. म्हणून ते पाय प्लास्टरमध्ये बांधत. प्लास्टरमुळे भार साऱ्या पावलावर वाटला जातो आणि जखमेला विसावा मिळतो. खरे तर हेही एक बिनशस्त्राचे साधनच, फक्त त्याला बटण नाही!

यंत्राच्या चाचणीतली अडचणही इथेच आहे. रुग्ण दाखल झाला की त्याचे चालणे थांबते, जखम रोज धुतली जाते, जेवण वेळेवर मिळते. जखम लहान होणारच. मग श्रेय यंत्राला द्यायचे की खाटेला? म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रुग्णांचे दोन गट करतात. मलमपट्टी दोघांची सारखीच. पण एका गटाला चालू यंत्र, दुसऱ्याला तसेच दिसणारे बंद यंत्र. कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही कळत नाही आणि जखम मोजणाऱ्यालाही. (ही फसवणूक नव्हे, तसे आधी सांगून संमती घेतलेली असते.)

भारतात 1997 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अशाच एका चाचणीत चुंबकीय लहरींनी जखमा अधिक आकसल्या. पण रुग्ण थोडे होते आणि उपचार चारच आठवड्यांचा. ब्राझीलमधल्या 2010 च्या चाचणीत मलमपट्टीच्या जोडीला लेझर दिला, त्याचा जादा फायदा दिसला नाही. एवढ्यावर महागडे यंत्र घेणे आम्हांला पटत नाही.

तूर्त आपली देणगी प्लास्टर, मऊ रबराच्या एमसीआर चपला आणि रुग्ण दाखल असताना त्याच्या घरच्यांचे धान्य यांसाठी द्यावी. चपला झिजतात आणि पुन्हा पुन्हा द्याव्या लागतात. चाचण्यांत स्वखुशीने भाग घेणाऱ्या रुग्णांचीही मंडळीने प्रार्थनेत आठवण करावी.